मधेच थांबणारं घोरणं

आमच्या घरात झोपेचा आजार मला आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. नवऱ्याला झोप लागायची, मला लागायची नाही. मग आजारी कोण, हे ठरवायला डॉक्टर कशाला लागतो?

माझा नवरा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला. मी त्यांना तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि मनात ‘हवालदार’. इथे मनातलंच नाव वापरते. नोकरीत होते तोवर हवालदार वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. दोन महिने माणूस काहीही सोसतो. त्यांचं घोरणं मला तेव्हा मर्दानी वाटायचं, हेही कबूल करून टाकते. मग पेन्शन सुरू झाली, ते गावाजवळच्या साखर कारखान्यात सुरक्षा विभागात लागले, मिलिटरी कँटीनची रम आणि खुर्चीवरची ड्युटी यांनी मिळून त्यांचं पोट आणि मान दोन्ही वाढवलं, आणि जे दोन महिने होतं ते बाराही महिने झालं.

आमचं गाव कराडपासून एसटीनं पाऊण तासावर. कराडच्या एका कॉलेजात मी ग्रंथालयात काम करते. सकाळी साडेसातची गाडी. रात्री तीन तास डोळा लागला तर तो दिवस सणाचा. एरवी मी पुस्तकांवर उलटे शिक्के मारत बसायची. प्राचार्यांनी एकदा केबिनमध्ये बोलावून काळजीनं विचारलं, “घरी काही त्रास आहे का?” मी म्हणाले, “नाही सर, घरी सगळे छान झोपतात.”

माझ्या निद्रानाशावर उपचार करायला गाव धावून आलं. जाऊबाईंनी दुधात जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं. ते घेऊन मला झोप आली नाही, बद्धकोष्ठ मात्र झालं. ग्रंथालयातल्या सहकारी बाईंनी फोनमध्ये समुद्राच्या लाटांचा आवाज घालून दिला. हवालदारांच्या घोरण्यात तो समुद्र मिसळला की एखादी बोट बुडत असल्यासारखं वाटायचं, आणि आपण त्याच बोटीत आहोत हेही आठवायचं. गावातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, माझं वय विचारलं, “हे वयच असं असतं,” म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. तुमच्या शेजारी कोण झोपतं, एवढं सोडून त्यांनी सगळं विचारलं.

इकडे हवालदार नऊ-नऊ तास झोपायचे. उठले की डोकं दुखायचं, घसा कोरडा पडलेला असायचा. रात्रीतून तीन-चारदा लघवीला जायचे. बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी बीपी जागचं हलत नव्हतं. चिडचिड तर अशी, की भाजीत मीठ कमी पडलं तर शत्रूच्या चौकीवर चढाई करावी तसे अंगावर यायचे. आणि दिवसभर डुलक्या. न्हाव्याच्या खुर्चीत, ग्रामसभेत, तेराव्याच्या जेवणात, कुठेही. पण हा आजार नव्हता. हे भाग्य होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं निदान पक्कं होतं. “माझ्या ल्योकाचा जीव निर्मळ हाय. टेकला की झोपतोय. मनात कपट आसलं की मग कुटली झोप?” एवढं बोलताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. खुद्द आत्याबाईंनाही रात्री झोप नसायची. आडवं झालं की त्यांच्या पायांत किडे वळवळायचे, पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. पण त्याला कपट म्हणत नाहीत. त्याला वय म्हणतात, आणि त्यावर सून पाय चेपते.

मग आम्ही मुलासाठी मुलगी बघायला सांगलीला गेलो. मुलगा आमचा एकुलता एक, कराडजवळ एका कारखान्यात इंजिनियर. मुलगी सांगलीत छातीच्या डॉक्टरांकडे तंत्रज्ञ होती. तिचे वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. घर नीटनेटकं, माणसं साधी. भडंग आलं, चहा आला, आणि मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, “ऊस किती निघतो तुमचा?”

हवालदारांनी घोरून उत्तर दिलं.

सोफ्यावर मान मागे टाकून ते केव्हाच गेले होते. मी कोपरानं ढोसलं. उपयोग नाही. सगळे भडंगाकडे बघू लागले. भडंगात इतकं बघण्यासारखं काय असतं ते त्या दिवशी कळलं. घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम बंद पडलं. मला हायसं वाटलं. मुलगी मात्र रिकामी कपबशी हातात धरून उभी राहिली. ती माझ्या मुलाकडे बघत नव्हती, त्याच्या बापाच्या छातीकडे बघत होती. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बराच वेळ गेला. हवालदार एकदम भला मोठा आवाज करून दचकले, श्वास ओढला आणि पुन्हा सुरू झाले.

“काकू,” मुलगी म्हणाली, “काका रात्रीसुद्धा असे मधेच थांबतात का?”

“थांबतात म्हणजे?”

“घोरणं बंद होतं आणि श्वासही घेत नाहीत. मग गुदमरल्यासारखं करून परत चालू होतं. असं?”

मला ते माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ती मधली शांतता म्हणजे माझ्या रात्रीतला सगळ्यात सुखाचा भाग होता. घोरणं थांबलं की मी घाईघाईनं डोळे मिटून घ्यायची, तेवढ्यात झोप लागते का बघायला. नवऱ्याचा श्वास बंद असताना मी देवाचे आभार मानत होते, हे असं सांगलीच्या दिवाणखान्यात कळायचं होतं.

“त्यांना बीपी आहे का? तपासून घ्या. हा झोपेचा आजार असतो,” ती म्हणाली. तिचे वडील हळूच म्हणाले, “अगं, आत जा तू.” ती गेली.

परतताना गाडीत आत्याबाईंनी निकाल दिला. “पोरगी बघाया गेलतो का ल्योक दाखवाया? अजून माप वलांडलं न्हाई तवर सासऱ्याला आजारी पाडलं. लय आगाव हाय.”

“काय म्हणत हुती ती?” हवालदार जागे होऊन म्हणाले.

“तू झोप,” आत्याबाई म्हणाल्या.

पुढच्या सीटवरून मुलगा म्हणाला, “मला आवडली होती.” हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन दिवसांनी मध्यस्थामार्फत पत्रिका जुळत नसल्याचा निरोप धाडला. पत्रिकेचं पाकीट तोवर आम्ही फोडलंही नव्हतं.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, भर दुपारी, हवालदार ड्युटी संपवून मोटारसायकलवरून घरी येत असताना कॅनॉलच्या वळणावर सरळ उसात गेले. हासळीचं हाड मोडलं, तोंड पातीनं कापलं. ऊस दाट होता म्हणून थोडक्यात निभावलं. वळणाच्या दुसऱ्या अंगाला पाणी होतं.

लोकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “काय तरी आडवं आलं.” बस, एवढंच. गावाला तेवढं पुरलं. तीन वाजता ते कुत्रं होतं, पाच वाजता तरस झालं आणि दिवेलागणीला बिबट्या. आमच्या भागात उसातून बिबटे निघतात, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं येऊन ठसे शोधून गेली. एका शेतकऱ्याला ठसे सापडलेही. बायका चार दिवस वैरणीला जोडीनं जात होत्या. हवालदार हात गळ्यात बांधून ओट्यावर बसायचे आणि बघायला येणाऱ्यांना चहा मिळायचा. बिबट्याची लांबी विचारली की ते फक्त मान हलवायचे. लोक म्हणायचे, काय धीराचा गडी!

चौथ्या दिवशी मी त्यांच्या जखमेवर मलम लावत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. ते एकदम म्हणाले, “बिबट्या न्हवता.”

“माहीत आहे मला.”

“कुत्रंबी न्हवतं. वळणापातूर आठवतंय, मग एकदम ऊसच.” त्यांनी दाराकडे बघून घेतलं. “पोस्टवर उबा ऱ्हाऊन रात्री काडल्यात मी. माज्यासंगचा एक गडी पहाऱ्यावर झोपला तर त्याला कसली शिक्षा झाली, डोळ्यांनी बगितलंय. मी कवा डोळा मिटला न्हाई. आन् आता गाडी चालवताना झोपतोय. हे कुणाला सांगू?”

इतक्या वर्षांत मी या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, कारण अख्खं गाव अजून बिबट्या शोधत होतं. आलं नाही.

त्या रात्री मी जागीच होते. तेवढं एक काम मला बिनचूक जमत होतं. मी फोनवर त्यांचं घोरणं रेकॉर्ड केलं. सकाळी मुलाला ऐकवलं. तो चहा पीत होता. घोरणं थांबलं तसा तो म्हणाला, “रेकॉर्डिंग अडकलं वाटतं.”

“रेकॉर्डिंग नाही. तुझा बाप अडकलाय.”

त्यानं कप खाली ठेवला आणि आवाज परत येईपर्यंत फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सांगलीला फोन कर.”

फोन दवाखान्यात केला आणि तिनंच उचलला. आवाज ओळखला मी, आणि तिनं माझा. मी एक लांबलचक माफीची प्रस्तावना मनात तयार करून ठेवली होती. तिनं ती सुरूच होऊ दिली नाही. म्हणाली, “काकू, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते. एक रात्र इथे झोपावं लागेल. त्या दिवशी काकांना दुपारी झोपू देऊ नका आणि दुपारनंतर चहा देऊ नका.” पत्रिकेचा विषय तिनं काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

आत्याबाई हट्टानं बरोबर आल्या. ल्योकाला वायरी लावणार म्हटल्यावर आई हवीच. संध्याकाळी त्या मुलीनं हवालदारांच्या डोक्याला, हनुवटीला, छातीला, पायांना तारा चिकटवल्या, छाती-पोटावर पट्टे बांधले, नाकाशी नळी लावली, बोटाला चिमटा. हवालदार आरशात बघून म्हणाले, “ह्यापेक्षा वायरलेस सेटला तारा कमी आसत्यात.” आणि पुढच्या दहा मिनिटांत झोपले. झोप लागेल का अशी काळजी तिथे इतर रुग्णांना असते म्हणे.

सकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींच्या घशाची वाटच मिटते. हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, की पुन्हा श्वास. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. “एका तासात किती वेळा, ते इथे लिहिलंय,” म्हणून त्यांनी आकडा दाखवला, अठ्ठावन्न. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. आकडा तसाच होता.

“तुमचे मिस्टर नऊ तास झोपत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “नऊ तास गुदमरतात. डोकेदुखी, डुलक्या, न उतरणारं बीपी, सगळं त्यातूनच आहे. हृदयावर ताण येतो, ते वेगळंच.”

निर्मळ जिवाची ही अशी वैद्यकीय व्याख्या आत्याबाईंनी आपल्या पायांकडे बघत ऐकली.

“झोपेची गोळी वगैरे देत नाही ना त्यांना?” डॉक्टरांनी विचारलं. मी दिली होती. हाड मोडल्यावर रात्री तळमळत होते म्हणून माझ्यातली अर्धी. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, “पुन्हा देऊ नका. त्यानं घसा आणखी सैल पडतो. दारूनंही तेच होतं. वजन कमी करा, कुशीवर झोपा, मशीन लावा, आणि रम बंद.”

“मशीनचं बोला सायेब,” हवालदार म्हणाले.

त्याआधी, पहाटे बाहेरच्या बाकावर त्या मुलीनं आत्याबाईंना विचारलं होतं, “आजी, पाय सारखे का हलवताय?” आत्याबाईंना विचारणारं माणूस हवंच होतं. त्यांनी सगळं सांगितलं, किड्यांसकट. तिनं डॉक्टरांना सांगून त्यांचं रक्त तपासायला लावलं. शरीरात लोह फार कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत वळवळ पुष्कळ कमी झाली. सत्तावीस वर्षं मी जे पाय चेपत होते, त्यांना लोखंड हवं होतं. माझी सेवा नाही. या शोधाबद्दल आत्याबाईंनी आजवर एक शब्दही काढलेला नाही.

मशीन घरी आलं. डब्याएवढं यंत्र, त्याला नळी, नळीला नाकावरचा मुखवटा. त्यातून हवा दाबानं आत जाते आणि घशाची वाट उघडी ठेवते. बघायला गाव लोटलं. बिबट्यानंतर गावात नवीन काही घडलंच नव्हतं. “हत्तीची सोंड” असं आत्याबाईंनी नाव ठेवलं. हवालदारांनी पहिल्या रात्री तो मुखवटा अर्ध्या तासात फेकला, दुसऱ्या रात्री दहा मिनिटांत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मी काय आयशीयूत हाय व्हय? न्या परत.”

मी पुन्हा सांगलीला फोन लावला. आता मला लाज उरली नव्हती. ती म्हणाली, “काकांकडे द्या.” मी स्पीकर चालू केला.

“काका, सैन्यात गॅसचा मुखवटा घालून ड्रिल केलं असेल ना?”

“केलंय तर.”

“पहिल्याच दिवशी जमलं होतं?”

“न्हाई. जीव घाबरायचा.”

“मग आता तसंच ड्रिल करायचं. दिवसा, टीव्ही बघताना, अर्धा तास. सवय झाली की रात्री.”

एखाद्या बाईनं समजावलं असतं तर ऐकलं नसतं, पण हा हुकूम होता. पुढचा आठवडाभर हवालदार दुपारच्या बातम्या सोंड लावून बघत होते. पोस्टमन दारातून पेन्शनचा कागद आत टाकून लांबूनच गेला.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी ते उठून ओट्यावर आले, चहा घेतला आणि म्हणाले, “डोकं दुकत न्हाई.” मग समोर दात घासणाऱ्या मुलाकडे निरखून बघितलं. “ह्यो कवापास्नं दाढी ठेवतोय?”

“दोन वर्षं झाली,” मी म्हणाले.

ते मुलाकडे बघतच राहिले. मुलगाही घासायचं थांबला. दोन वर्षं एका घरात राहून बापानं त्याला नीट पाहिलंच नव्हतं, आणि आम्ही त्याला सुखाची झोप म्हणत होतो.

एवढं झाल्यावर आत्याबाईंना साक्षात्कार झाला. “पोरगी गुणाची हाय. घरात आली तर मशीनचंबी बगंल.” सून आणायची ती यंत्राच्या देखभालीसाठी, एवढा व्यवहार त्यांनी सरळ बोलून दाखवला. मी मध्यस्थाला पुन्हा पाठवलं. मुलीच्या वडिलांनी त्याला बसवून चहा पाजला आणि विचारलं, “पत्रिका आता जुळली का?” मग हसून सांगितलं, की तिचं मिरजेला ठरलंय, साखरपुडाही झाला.

मुलाला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ठीक आहे.” गाडीत मी एक वाक्य बोलले असते तर? आत्याबाईंना दोष देणं सोपं आहे. पण पत्रिकेचा निरोप मी स्वतःच्या फोनवरून धाडला होता. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. त्याला बहुधा माहीत आहे.

राहता राहिले मी. हवालदार आता बिनआवाज झोपत होते, यंत्राचा तेवढा बारीक सुस्कारा. मला वाटलं, आता मी कुंभकर्णाला मागे टाकेन. कसलं काय! त्या शांततेत मी टक्क जागी. दर दोन मिनिटांनी त्यांचा श्वास चालू आहे का बघायची. ज्या शांततेचे आभार मानले होते, तिनं आता घामच फोडला.

सांगलीच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला ‘वय’ म्हणालं नाही. ते म्हणाले, तुमच्या शरीराला जागायचीच सवय लागलीय, गोळीनं ती जाणार नाही. गोळी एकदम तोडू नका, हळूहळू सोडवू. उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. दुपारची झोप नाही, चारनंतर चहा नाही, अंथरुणात फोन नाही. झोप आली तरच आडवं व्हायचं. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, काहीतरी कंटाळवाणं करायचं. घड्याळ बघायचं नाही.

कंटाळवाण्या कामांचा आमच्या घरात तुटवडा नाही. मी स्वयंपाकघरात बसून शेंगा फोडायची. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. कॉलेजात बसल्या बसल्या डोळे मिटायचे, आणि घरात शेंगदाणे इतके झाले की जाऊबाईंना चटणी करून पाठवली. मग हळूहळू शेंगा कमी फुटायला लागल्या. गोळी पाव झाली, मग गेली.

परवा मी उठले तेव्हा उजाडलं होतं आणि साडेसातची गाडी निघून गेली होती. आत्याबाई उशाशी उभ्या होत्या. त्यांचा चहा राहिला होता.

“आगं, माणसानं झोपावं तरी किती!” त्या म्हणाल्या.

हवालदार दारातून म्हणाले, “झोपू दे तिला. च्या मी टाकतो.” त्यांनी चहा टाकला. साखर विसरले. मी तो तसाच प्यायले, आणि दहाच्या गाडीनं कॉलेजला गेले.